जानेवारीत देवरियाताल आणि तुंगनाथ, पायात काय घालू? (इंदूरकरांनो मदत करा)

रामबागकर:
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, बायको आणि बाबा (वय ६४, रोज सकाळी नेहरू पार्कात पाच फेऱ्या, त्यामुळे स्वतःला गिर्यारोहक समजतात) उत्तराखंडला चाललोय. मुक्काम सारी गावात, एक दिवस देवरियाताल (डोंगरावरचं तळं), एक दिवस चोपत्याहून तुंगनाथ (शंकराचं मंदिर) आणि दम उरला तर चंद्रशिला (त्याच्या वरचं शिखर). तंबू-बिंबू काही नाही, दोन्ही दिवस संध्याकाळी खोलीवर परत.

प्रश्न बुटांचा आहे. काल एका दुकानात गेलो तर पोरगा म्हणे सर ये माइनस ट्वेंटी तक चलेगा, आतून मऊ मऊ लोकर, घातले तर पाय दोन मिनिटात भट्टीत ठेवल्यासारखे. बायको तिथल्या तिथेच म्हणाली दोन दिवसांच्या चालण्यासाठी तीन माणसांचे तीन जोड, डोकं ठिकाणावर आहे का. आणि तिचंही चूक नाही, इंदूरात ते घालणार कुठे, रालामंडलला? माझ्याकडे रनिंगचे जोडे आहेत, पातालपाणी, जानापाव, जाम गेट सगळं त्याच्यावरच झालंय. तेच नेले तर? बजेट एका जोडाला पाच हजारच्या आत. ज्यांनी बर्फात खरंच चालून पाहिलंय त्यांनी सांगा प्लीज.

पोहेजिरवण:
भिया आपण इंदूरवाले, ८ डिग्री झालं की मफलर गुंडाळून सराफ्यात गराडू खायला पळतो आणि येऊन सांगतो काय थंडी काय थंडी. तीन मोजे घाला एकावर एक आणि जा. बूट-बीट सब मार्केटिंग आहे.

बर्फाळ_बाप्या:
@पोहेजिरवण, तीन मोज्यांचा सल्ला कृपया कुणी ऐकू नका, मी ऐकला होता.

पहिल्यांदा तुंगनाथला गेलो तेव्हा साधे ट्रेकिंगचे बूट, त्यात एक सुती मोजा आणि वर दोन लोकरीचे. बूट घातले तेव्हाच पाय आत ठासून बसला होता पण मला वाटलं घट्ट म्हणजे गरम. अर्ध्या वाटेवर डाव्या पायाची बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. बरोबरचा गाईड, तिथलाच मुलगा, त्याने मला दगडावर बसवलं, बूट काढायला लावला, आतला सुती मोजा काढला (पिळला असता तर पाणी निघालं असतं) आणि एकच लोकरी मोजा ठेवून लेस सैल बांधली. थोड्या वेळाने बोटांत मुंग्या आल्या आणि मग अशी कळ आली की मी ओरडलोच.

ऊब देते ती आत अडकलेली हवा, आपल्या गोधडीचं असतं तेच. बुटात मोजे कोंबले की हवा दाबली जाते आणि वरून रक्त पण नीट फिरत नाही, म्हणजे दोन्हीकडून बोंब. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओला पाय कुठल्याच बुटात गरम राहत नाही. पातळ सिंथेटिक एक, वर जाड मेरिनो लोकरीचा एक, बास. आणि बूट त्या मोज्यांच्या हिशोबाने मोठा.

आता इन्सुलेटेडचं, म्हणजे आत ऊबदार भरावा असलेल्या बुटांचं. बुटावर थिन्सुलेट २०० ग्रॅम, ४०० ग्रॅम असं लिहिलेलं असतं ना, ते बुटाचं वजन नाही. आत जो अस्तर-भरावा असतो त्याच्या एका चौरस मीटरचं ते वजन, आपण बेडशीटला जीएसएम म्हणतो तसंच. चालणाऱ्या माणसाला २०० पुष्कळ झालं. ४०० हळू चालणाऱ्याला किंवा फारच कडाक्यात. ६०० आणि पुढचे बूट एका जागी उभं राहणाऱ्या लोकांसाठी, ते घालून चढ चढलास तर पाय घामाने भिजेल आणि वर जाऊन बसलास की तोच घाम गार. दुकानातल्या पोराने पाय भट्टीत ठेवला म्हणतोस ना, दुकानात २५ डिग्रीमध्ये जो बूट असा भाजतो तो चढाला नकोच. आणि ते मायनस वीस कंपनीने आपल्या आपल्या हिशोबाने लिहिलेलं असतं, तू चालतोयस का बसलायस, मोजा कोरडा आहे का, ते त्या आकड्याला काय माहीत.

घाटपायरी:
पुण्याहून लिहितोय, चालेल ना इंदूरच्या धाग्यावर? माझं मत वेगळं आहे. दिवसाच्या चालीला इन्सुलेटेड बूट लागतच नाहीत. घोट्यापर्यंत येणारे, मेम्ब्रेनवाले (आत पाणी अडवणारा पातळ पडदा असलेले) वॉटरप्रूफ साधे ट्रेकिंग बूट, त्यात चांगले लोकरी मोजे, वर गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायचं कव्हर). मी डिसेंबरात चंद्रशिला असंच केलं. चालताना शरीर तापतंच. शिवाय साधे बूट नंतर पावसाळ्यात सह्याद्रीत (तुमच्याकडे विंध्यात) वापरता येतात, गरम बूट माळ्यावरच पडून राहतात. इन्सुलेटेड जड पण असतात आणि पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं.

रनिंगचे जोडे मात्र नकोच. जाळीतून बर्फ आत जातो, वितळतो, खेळ खल्लास.

बर्फाळ_बाप्या:
@घाटपायरी, तुमचं बरोबर आहे पण डिसेंबर आणि जानेवारीत फरक पडतो ना. डिसेंबरात कधी कधी वाटेवर नुसती सावलीत पांढरी नक्षी असते. जानेवारीत जोरात बर्फ पडला तर उखीमठ-चोपता रस्ताच बंद होतो, गाडी दुगलबिट्टा किंवा बनियाकुंडला थांबते आणि तिथून चोपत्यापर्यंत रस्त्यावरच बर्फ तुडवत जावं लागतं, म्हणजे तुंगनाथचे जे साडेतीन-चार किलोमीटर आपण धरतो ते सुरू होण्याआधीच पाय ओले. आणि तुम्ही भरभर चालत असणार. ६४ वर्षांचे बाबा दर वळणावर थांबणार, समोरचं चौखंबा शिखर बघणार, फोटो काढणार. थांबणाऱ्याचे पाय आधी गारठतात. म्हणून रामबागकर, माझं म्हणणं तिघांना एकच बूट नको. तुला आणि वहिनींना साधे वॉटरप्रूफ चालतील, बाबांना २०० ग्रॅमवाले घे.

घाटपायरी:
हे मान्य. थांबणाऱ्याचा मी विचारच नव्हता केला.

पिथमपूर_शिफ्ट_बी:
हसू नका पण विचारून राहिलोय. आम्हाला कंपनीकडून दर वर्षी सेफ्टी शूज मिळतात, एक नवाकोरा जोड घरी पडलाय, चामड्याचा, घोट्यापर्यंत, एकदम दणकट. मी पण फेब्रुवारीत मित्रांबरोबर तिकडेच जायचं म्हणतोय. तो चालेल का?

पोहेजिरवण:
नवाकोरा जोड घरी पडलाय म्हणजे शिफ्टला काय चप्पल घालून जातो का रे 😂

पिथमपूर_शिफ्ट_बी:
जुना चांगला आहे ना अजून. 😐

बर्फाळ_बाप्या:
प्रश्न चांगला आहे, हसण्यासारखं काही नाही. तीन अडचणी. एक, पुढे स्टीलची वाटी असते, लोखंड गार पडलं की तुझ्या बोटांसमोर बर्फाची लादी ठेवल्यासारखं. दोन, सोल तेल सांडलेल्या गुळगुळीत फरशीसाठी असतो, नक्षी उथळ असते, बर्फ त्यात चिकटून सपाट होतो. बर्फाला खोल आणि एकमेकांपासून लांब गट्टू लागतात म्हणजे पाऊल उचललं की बर्फ आपोआप पडतो. तीन, उतरताना बोटं त्या वाटीवर आपटणार, दोन तासात नखं काळी.

बुटाच्या शिक्क्यावर बारीक अक्षरात सीआय लिहिलंय का बघ. ते असेल तर सोल थंडीच्या विरुद्ध तपासलेला असतो, कोल्ड स्टोरेजवाल्यांना देतात तसले. पण तरी सोल थंडीचा तपासलाय, घसरण्याचा नाही. फॅक्टरीतच घाल.

काकू_सुदामानगरवाली:
माळ्यावरचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. २०१४ मध्ये मनालीला गेलो तेव्हा ह्यांनी आणि मी दोघांनी चांगले महागाचे बर्फाचे बूट घेतले होते, ब्रँडचं नाव नाही घेत. आल्यावर स्वच्छ पुसून, डांबराच्या गोळ्या घालून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले. माझी टापटीप घरात प्रसिद्ध आहे. मग २०२२ मध्ये नारकंड्याला जायचं ठरलं, बूट काढले, अगदी नव्यासारखे, चमकत होते. हाटू पीकच्या वाटेवर तासभर चाललो असू, मला वाटलं बुटाला चिखल लागलाय, पाऊल जड वाटतंय, खाली पाहते तर उजव्या बुटाचा अख्खा तळवा मागून सुटून लोंबतोय! मधला थर बिस्किट चहात बुडवल्यावर होतं तसा भुगा भुगा होऊन पडत होता. ह्यांनी हसायला सुरुवात केली आणि पाच मिनिटात ह्यांचाही डावा गेला. माझ्या ओढणीचे दोन तुकडे करून दोघांचे बूट बांधले आणि मढं बांधल्यासारखे पाय घेऊन खाली आलो. खाली चहावाला म्हणतो, माताजी, हफ्ते में दो-तीन आते हैं ऐसे.

मला अजून कळलेलं नाही की न वापरता बूट खराब कसे होतात. आधी मोच्याकडून शिवून घ्यायला हवे होते का?

बर्फाळ_बाप्या:
काकू, शिवून काही झालं नसतं. बऱ्याच बुटांत तळव्याचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, पीयू म्हणतात तो. हवेतल्या दमटपणाने तो आतून सडतो, हायड्रोलिसिस म्हणतात. वापरात असला की जास्त टिकतो, पडून राहिला की वाट लागते, आणि बंद प्लास्टिकच्या पिशवीत ओल आतच कोंडते, म्हणजे तुमची टापटीपच नडली. दुसरा प्रकार ईव्हीए नावाच्या फोमचा, त्याला हा रोग नाही, पण तो वापरून वापरून दबतो. जुने बूट काढले की निघायच्या आधी अंगठ्याने मधला थर दाबून बघायचा आणि दोन-तीन दिवस घालून फिरायचं. भेग दिसली किंवा पीठ हाताला लागलं तर घरीच राम राम.

काकू_सुदामानगरवाली:
अगंबाई. आणि मी आठ वर्षं पिशवीची गाठ पण सोडली नव्हती.

राजवाडा_टू_रोहतांग:
साईझवर कुणी बोललं नाही अजून, सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडतात. मी ऑनलाइन ९ नंबर मागवला, आला तो अमेरिकन ९, म्हणजे आपला यूके ८. परत करायच्या भानगडीत अर्धा डिसेंबर गेला. पुरुषांच्या बुटात अमेरिकन आकडा यूकेपेक्षा साधारण एकने मोठा असतो, बायकांच्यात फरक आणखी जास्त, त्यामुळे डब्यावर यूके, यूएस, ईयू तिन्ही बघा.

दुकानात जायचं ते संध्याकाळी, दिवसभर चालून पाय सुजलेले असताना. जे मोजे तिकडे घालणार तेच घालून जा, दुकानातले पातळ मोजे चढवून बघू नका. आता लेस न बांधता पाय पुढे सरकवा, अंगठा पुढे टेकेपर्यंत. मागे टाचेत एक बोट आरामात गेलं पाहिजे. दोन बोटं गेली तर मोठा, बोट ओढूनताणून गेलं तर लहान. मग टाच मागे ठोकून लेस बांधा आणि दुकानात जिना असेल तर दहा वेळा उतरा. चढू नका, उतरा. उतरताना अंगठा पुढे लागला तर तिथेच काढून ठेवा, नंतर सैल होईल वगैरे काही होत नसतं. चढताना टाच उचलली जात असेल तर घोट्याच्या वाकणात लेसला दोन वेढे मारून गाठ घट्ट करा, पुढचा भाग सैल राहू द्या. आणि जायच्या दोन दिवस आधी नखं कापा, हे कुणी सांगत नाही.

सेल्समन उभा राहून घड्याळ बघतो, बघू दे. मी चाळीस मिनिटं लावली, सोबतची बायको दुसऱ्या सेक्शनमध्ये जाऊन पोरांसाठी बॅडमिंटनची रॅकेट घेऊन आली तरी माझा जिना चालू.

रामबागकर:
मंडळी, तुम्ही तर थिसिस लिहून राहिले. 🙏 एक सांगायचं राहिलं, बाबांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, कंट्रोलमध्ये आहे. त्याने बुटात काही फरक पडतो का?

डॉक्टरीणबाई_बडोदा:
बुटात नाही, तुमच्या सगळ्या प्लॅनमध्ये पडतो, आधी सांगायचं होतं. (बडोद्याची आहे, इंदूर माझं आजोळ, म्हणून वाचत होते.)

शुगर जुनी असेल तर पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. गारठा लागतोय, बूट चावतोय, खडा गेलाय, हे तुम्हाला कळेल ते त्यांना कळणार नाही. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या, तळव्याला तार टेकवून जाणीव बघतात, पाच मिनिटांचं काम. तिकडे गेल्यावर "बाबा पाय गार पडलेत का" असं विचारू नका, ते नाहीच म्हणणार. मधे एकदा थांबून बूट-मोजे काढून स्वतः हात लावून बघा. रोज रात्री पण, बोटांच्या बेचक्यातसुद्धा.

बोटं पांढरी पडली, मेणासारखी लागली, बधिर झाली तर चोळायचं नाही. बर्फाने चोळतात ती तर शुद्ध मूर्खगिरी. शेकोटीजवळ नाही, गरम पाण्याची रबरी पिशवी नाही, कारण भाजलं तरी कळत नाही. कोरडं करा, दुसऱ्या माणसाच्या काखेत किंवा पोटाशी धरा आणि खाली आणून डॉक्टर गाठा. ते लोखंडाच्या भुकटीचे टो वॉर्मर (बोटं गरम ठेवायच्या पुड्या) मिळतात ते त्यांना अजिबात देऊ नका, त्याच कारणाने.

पोहेजिरवण:
ताई आम्हा बाकीच्यांना टो वॉर्मर चालतात ना?

डॉक्टरीणबाई_बडोदा:
चालतात, मोज्याच्या वरून, कातडीला लावून नाही. आणि त्याला हवा लागते तापायला, घट्ट बुटात कोंबलात तर थंडच राहील आणि जागा खाईल ती वेगळी.

घाटपायरी:
बूट बूट चाललंय पण मायक्रोस्पाइक्सचं काय? तुंगनाथची वाट दगडी फरशीची आहे. लोकांनी तुडवलेला बर्फ रात्री गोठतो आणि सकाळी त्याची काच होते. काचेवर वीस हजारचा बूटही घसरतो, कितीही भारी रबर असो. बुटावर चढवायची ती दात्यांची साखळी भाड्याने मिळते, ती घ्याच. गेटर पण. माझ्या मते बुटावरचे दोन हजार कमी करून इकडे लावा.

काकू_सुदामानगरवाली:
आणि बूट ओले झाले तर हीटरसमोर ठेवू नका हो, चामडं तडकतं आणि गोंद सुटतो. आतला तळवा काढून वेगळा वाळवायचा, बुटात वर्तमानपत्र कोंबायचं, दोन तासांनी बदलायचं. रद्दी इथूनच घेऊन जा, तिकडे खोलीत मिळत नाही.

रामबागकर:
अपडेट. माझ्यासाठी आणि बायकोसाठी साधे वॉटरप्रूफ घेतले. बाबांसाठी २०० ग्रॅमवाले, अर्धा नंबर मोठे, आत नमद्याची इनसोल टाकली. तिन्ही जोड बादलीत घोट्याखालपर्यंत पाणी घेऊन दहा मिनिटं उभं राहून तपासले, आतून कोरडे. बाबा बादलीत उभे असताना शेजारचे काका आले, त्यांनी काही विचारलं नाही, नुसते गेले. डॉक्टरांनी पाय तपासले, जाणीव ठीक आहे, देवरियातालला जाऊ द्या म्हणाले, तुंगनाथ तब्येत बघून. स्पाइक्स आणि गेटर तिकडे भाड्याने.

बाबा आता रोज सकाळी ते बूट घालून नेहरू पार्कात फेऱ्या मारतात. लोक बघतात.

रामबागकर:
(जानेवारी अखेर) जाऊन आलो मंडळी. उशीर झाला लिहायला.

देवरियाताल मस्त, सारीहून चढ खडा आहे पण थोडाच. बर्फ फक्त तळ्याजवळ, बाबा सगळ्यांच्या पुढे. तुंगनाथच्या दिवशी गाडी चोपत्याच्या दोनेक किलोमीटर आधी थांबली, बाप्याभाऊ म्हणाले तसंच. फरशीवर खरंच काच होती. आमच्या पुढे एक ग्रुप होता नुसत्या स्पोर्ट्स शूजमध्ये, ते रेलिंगला धरून खेकड्यासारखे आडवे चालत होते. आम्ही साखळ्या चढवून करकर आवाज करत निघून गेलो, फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अर्ध्यावर चहाची टपरी होती पण बंद, तिच्या आडोशाला बाबांचे बूट काढले, पाय चक्क कोमट. माझेच गार होते. मंदिराची दारं हिवाळ्यात बंदच, देव खाली मक्कूमठला असतो, हे बाबांना माहीत होतं, तरी बाहेरून हात जोडून ते दहा मिनिटं उभे राहिले. चंद्रशिला सोडली, वारा फार होता आणि बाबा म्हणाले बास.

चूक एकच झाली. बाबांचे बूट मुरवले, माझे मुरवले, बायकोने तिचे घरात दोनदा घातले आणि म्हणाली मऊ आहेत. उतरताना दोन्ही टाचांना फोड. आता रोज ऐकतोय की बाबांच्या पायांची काळजी होती सगळ्या फोरमला, माझ्या नाही.

काकू_सुदामानगरवाली:
तिचं बरोबर आहे. आणि बूट माळ्यावर टाकू नकोस.

रामबागकर:
नाही काकू, पिशवी नाही, गाठ नाही, पलंगाखाली उघडे ठेवलेत.

पिथमपूर_शिफ्ट_बी:
दादा, बाबांच्या बुटाचा नंबर काय आहे? फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चाललोय.

रामबागकर:
यूके ८. पण ते सध्या पलंगाखाली नाहीत, नेहरू पार्कात आहेत. साडेआठनंतर घरी ये.